गळाचे रीळ व त्याची निगा

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. हिंगणघाटास वणा आहे, पवनारास धाम आहे, आणि बोर, यशोदा यांसारख्या लहान नद्या व जागोजागचे जलाशय निराळेच. जेथे इतके पाणी, तेथे काठावर गळ टाकून बसलेला मनुष्य दिसावयाचाच. पूर्वी त्याच्या हाती वेळूची काठी, सुताचा दोरा व मोराच्या पिसाचा तरंगता दांडा एवढेच साहित्य असे. आणि मासा लागला की काठी उचलून तो काठावर टाकावयाचा, एवढीच कृती असे. अलीकडे पुष्कळ तरुणांच्या काठीला मुठीपाशी एक लहानसे यंत्र बसविलेले आढळते. त्यास इंग्रजी नावावरून रीळ असेच म्हणतात, आणि शिवणाच्या दोऱ्याचे रीळ घरोघरी असल्यामुळे हा शब्द आपणांस परका वाटत नाही. कोकणात गळास गरी म्हणतात व गळाने मासे धरण्यास गरवणे म्हणतात. परंतु रीळ तेथेही रीळच.

या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील काही मुलांनी आपापली बिघडलेली रिळे आम्हांस दाखविण्यासाठी आणली होती. "मोडले आहे, आता टाकूनच द्यावयाचे," असे जवळजवळ प्रत्येकाचे म्हणणे होते. ती आम्ही मुलांकडूनच उघडविली, तेव्हा बहुतेकांत मोडलेले असे काहीच निघाले नाही. कोठे वाळू, कोठे सुकून राळेसारखे झालेले तेल, तर कोठे मूळचे ग्रीसच पाण्याने धुऊन गेलेले. कापसाचे चार पैसे हाती आल्यावर ज्या घरी अशी वस्तू मोठ्या हौसेने घेतली जाते, त्या घरातून ती दोन वर्षांत भंगारात जावी आणि तिच्या जागी पुन्हा नवी घ्यावी लागावी, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. अशी रिळे दुरुस्त करणारा कारागीर आपल्याकडे सहसा भेटत नाही. तेव्हा मालकानेच कारागीर झाले पाहिजे.

रीळ हे काही आजचे नव्हे. चिनी चित्रकार मा युआन याने सुमारे ११९५ साली काढलेल्या एका चित्रात थंडीतल्या सरोवरावर होडीत बसलेला एकटा मासेमार दिसतो, आणि त्याच्या काठीला गुंडाळणीचे चाक स्पष्ट आहे. हे जुन्या जातीचे रीळ म्हणजे आपली पतंगाची चक्रीच होय. चक्री फिरली की दोरा सुटतो, उलट फिरवली की गुंडाळतो. त्यात गुंतागुंत नाही. पण हलका गळ दूर फेकावयाचा असेल, तर दोऱ्याने जड चक्रीस ओढून फिरवावे लागते, आणि फेक तोकडी पडते.

ही अडचण दूर करणारे रीळ ज्याने काढले, तो मासेमार खरा, पण धंद्याने सूतवाला होता, हे वर्धा जिल्ह्यातल्या मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावे. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या सुताचे मोठे ठिकाण. तेथील गिरणीवाले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या कांडीवरून सूत कसे उतरते, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. कांडी जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून वेढ्यामागून वेढा सुटत जाते. कांडीस फिरावेच लागत नाही. ज्यांच्या आजोबांनी हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या गिरणीत दिवस काढले, त्यांना घरीच हे विचारता येईल. आज बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त रिळे याच जातीची आहेत, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे.

आता त्याची रचना पाहू. पुढे दोऱ्याची फिरकी असते. तिच्याभोवती एक वाटीसारखा भाग फिरतो व त्यावर तारेची एक कडी असते. कडी उघडली की दोरा फिरकीच्या टोकावरून मोकळा सुटतो. कडी मिटून मूठ फिरवली की वाटी फिरकीभोवती फिरू लागते आणि कडीच्या टोकाशी असलेल्या चिमुकल्या चाकीवरून दोरा वळून फिरकीवर बसतो. मुठीपासून वाटीपर्यंत ही गती नेण्यासाठी आत दोन दंतचक्रे असतात, एक मोठे व एक लहान. रिळाच्या खोक्यावर ५.२:१ असा काहीसा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, मूठ एकदा फिरली की वाटी पाच वेळा पुरी फिरून वर थोडी अधिक फिरते.

हा आकडा पाहिला की आम्हांस पेटीचरखा आठवतो. सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी तेथे १९३६ साली राहावयास आले, आणि वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ साली उघडले, चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. ते ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे की, मोठे चाक सावकाश फिरते, त्याची माळ लहान चाक फिरविते व त्याची माळ चाते फिरविते. हात एकदा फिरतो तोवर चाते किती तरी गिरक्या घेते. परंतु वेग वाढविणाऱ्या प्रत्येक यंत्राची एक किंमत असते. चात्याला जरासा अडथळा झाला, तर हाताला तो जरासा न वाटता कित्येक पटींनी वाटतो. रिळातही तसेच. वाटीपाशी एक गुंज अडथळा झाला, तर मुठीपाशी तो पाच गुंजांचा होतो. म्हणून एवढ्याशा वाळूने रीळ "जाम झाले" असे वाटते, आणि मुले जोर करतात, आणि मग मात्र खरोखरच दाते झिजतात.

चात्याची आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. टकळीवर किंवा चरख्यावर सूत काढताना आपण धागा चात्याच्या टोकाकडे तिरपा धरतो; चात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो टोकावरून निसटतो व त्यास एक पीळ बसतो. धागा काटकोनात धरला की पीळ थांबून तो गुंडाळू लागतो. स्थिर फिरकीच्या रिळातही दोरा टोकावरूनच सुटतो, म्हणून प्रत्येक वेढ्यास एक पीळ पडतो. फेकताना पडलेला हा पीळ परत गुंडाळताना बहुतांशी उलगडतो. परंतु मोठा मासा दोरा ओढून नेत असता, घाबरून मूठ फिरवीतच राहिले, तर फिरकी स्वतः सरकत राहते, दोरा आत येत नाही, आणि मुठीच्या एकेका फेऱ्यास पाच पाच पीळ दोऱ्यात जमा होतात. कताईत जो पीळ सुताचा प्राण, तोच येथे गुंत्याचे मूळ. मासा ओढीत असेल तेव्हा हात थांबवावा. तो दमला की मग गुंडाळावे. पीळ पडलाच असेल, तर गळ, शिसे सर्व सोडून मोकळा दोरा वाहत्या पाण्यात चाळीस-पन्नास हात सोडावा, काही वेळ तसाच राहू द्यावा, व मग दोन बोटांच्या चिमटीतून हलका ताण देत गुंडाळावा. प्रवाह तो पीळ उलगडून टाकतो. हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

आता मुख्य विषय, मळ. समुद्रकाठच्या मासेमाराचा शत्रू मीठ होय. समुद्राच्या हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग क्षार असतात, आणि ते धुतले नाहीत तर धातूस लवकर खातात. आपल्याकडे ती भीती नाही, म्हणून लोक निष्काळजी राहतात. पण आपला शत्रू निराळा आहे. नदीतील वाळूचा कण म्हणजे गारगोटीचा चुरा. पितळ, जस्त, ॲल्युमिनियम यांपेक्षा तो पुष्कळ कठीण असतो. आणि काळ्या जमिनीची माती इतकी बारीक असते की जेथे पाणी शिरते तेथे तीही शिरते. ग्रीसमध्ये ही माती व वाळू मिसळली की जो काला होतो, तो वंगण राहत नाही, धार लावण्याचा मसाला होतो. एंजिनाचे झडप घासून बसविण्यासाठी मिस्त्री जो कुरुंदाचा लेप वापरतात, त्याचाच हा भाऊ. रीळ वाळूत टेकवून ठेवणे हा म्हणून सर्वांत मोठा अपराध समजावा. बसताना काठी टेकविण्यास दोन बेचकीच्या फांद्या रोवाव्यात. त्यास पैसा पडत नाही.

काम संपल्यावर साहित्य धुणे हा मासेमाराच्या धंद्याचा जुनाच नियम आहे. गालील सरोवराच्या काठी कोळी होड्यांतून उतरून जाळी धूत होते, असे लूकच्या शुभवर्तमानात आले आहे. आणि आपल्याकडील धीवर व भोई मंडळीही जाळे झटकून, धुऊन, वाळत घातल्याखेरीज घरात नेत नाहीत. नायलॉन निघण्यापूर्वी तर हे अपरिहार्य होते. सुताची व तागाची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकाऊ करीत, आणि विलायतेतील शौकीन लोक आपला रेशमी दोरा रोज संध्याकाळी रिळावरून सोडून वाळवीत, नाही तर तो कुजे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले, पुढे त्याचे दोरे आले, आणि कुजण्याची भीती गेली. त्याबरोबर रोज धुण्याची सवयही गेली, हे नुकसान झाले.

घरी आल्यावर प्रथम फिरकीवरील ताणाचा खटका घट्ट करावा. हा ताण सांभाळणारा भाग, ज्यास ड्रॅग म्हणतात, म्हणजे एकावर एक दाबलेल्या चकत्या होत. त्या मासा ओढू लागला असता फिरकीस बेताने सरकू देतात. खटका घट्ट असला की धुताना पाणी चकत्यांत शिरत नाही. मग रिळावर तांब्याने साधे पाणी हळूहळू ओतावे आणि ओल्या फडक्याने पुसावे. नळाच्या जोरदार धारेखाली किंवा मोटारगाड्या धुतात त्या फवाऱ्याखाली ते कधीही धरू नये. मुलांना वाटते, जितका जोर तितकी स्वच्छता. परंतु तो जोर बाहेरची वाळू फटींतून आत ढकलतो. बादलीत बुडवून ठेवणेही याच जातीचे. नंतर रीळ झटकून, पुसून, सावलीत वाऱ्यावर ठेवावे. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात ठेवू नये. येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या तापाने आतील ग्रीस पातळ होऊन जागा सोडते, आणि सूर्यकिरणांनी नायलॉनचा दोराही कमकुवत होतो. वाळल्यावर ताणाचा खटका पुन्हा सैल करावा. तो महिनोन् महिने घट्ट राहिला, तर चकत्या चेपून बसतात व पुढे मासा लागला असता फिरकी सरकण्याऐवजी हिसके देते. पावसाळ्यात ओले रीळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची जी पद्धत आम्ही पाहतो, ती तर त्याला गंज चढविण्याचीच युक्ती आहे.

एवढे प्रत्येक वेळी केले, तर रीळ वर्षातून एकदाच उघडले तरी पुरे. त्यास योग्य काळ पावसाळा. नद्या तेव्हा गढूळ असतात, आणि रोहू, कटला, मृगळ यांच्या विणीचाही तोच हंगाम असल्यामुळे काठी खुंटीला असलेली बरी.

उघडण्यासाठी फार अवजारे नकोत. पेचकस मात्र स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा हवा. लहान पेचकसाने मोठा स्क्रू पिळला की खाच झिजते आणि मग तो निघतच नाही. काही रिळांत मुठीचे किंवा वाटीखालच्या नटाचे आटे उलट असतात. तेव्हा जोर लावण्याआधी दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवून पाहावे. खाली पांढरे फडके अंथरावे, कारण बारीक स्प्रिंग उडाली तर काळ्या फरशीवर सापडत नाही. निघालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडावेत. आमच्या मुलांनी त्यासाठी इडलीपात्र आणले होते. प्रत्येक खळग्यात एकेक भाग, आणि खळग्यांना खडूने अंक. इडलीपात्र घरी परत नेताना घासून, धुऊन, आईस दाखवून ठेवावे, एवढी अट आम्ही घातली होती. आता घरोघरी मोबाईल असतो. प्रत्येक टप्प्यास एक छायाचित्र घेतले, तर जोडताना भांडण होत नाही. विशेषतः कागदासारख्या पातळ चकत्यांवर लक्ष असू द्यावे. त्या ग्रीसने शेजारच्या भागास चिकटून जातात, पुसण्याच्या फडक्याबरोबर फेकल्या जातात, आणि मग रीळ जोडल्यावर "हे आता डुगडुगते का?" असा प्रश्न पडतो.

जुने ग्रीस लाकडी काडीने खरवडून काढावे. धातूची दंतचक्रे कोमट साबणाच्या पाण्यात दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने स्वच्छ होतात. फारच कडक झाले असेल तर थोड्या रॉकेलात. मात्र ते काम वडील माणसाच्या देखत, अंगणात, चुलीपासून दूर व्हावे, आणि पेट्रोलला तर मुलांनी हातच लावू नये. प्लॅस्टिकच्या भागांना साबणच पुरे. सर्व भाग पूर्ण कोरडे झाल्याखेरीज वंगण घालू नये.

वंगणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आम्ही उघडलेली निम्मीअधिक रिळे तेलाच्या अभावी नव्हे, तर चुकीच्या तेलाने बिघडली होती. घरात जे तेल हाताशी असते ते मुले घालतात. खोबरेल तेल उन्हाळ्यात पाण्यासारखे पातळ असते. पण सुमारे २४ अंशांच्या खाली ते थिजू लागते, आणि पौषात आपल्याकडील पहाट त्याहून पुष्कळ थंड असते. तेव्हा दिवाळीत फिरणारे रीळ संक्रांतीला फिरेनासे होते, आणि बिचाऱ्या रिळावर दोष येतो. जवसाचे तेल त्याहून वाईट. ते हवेतील प्राणवायू शोषून वाळते व त्याची कातडी बनते. रंगारी तेल म्हणून ते वापरतात ते याच गुणामुळे. जो गुण दाराच्या रंगात हवा, तो दंतचक्रात नको. शिवणयंत्राचे तेल हे खनिज तेल असल्यामुळे थिजत नाही, वाळत नाही, आणि त्याची लहान बाटली कोणत्याही दुकानात मिळते. फिरणारे आस, मुठीची खुंटी, कडीचे सांधे व दोऱ्याची चाकी यांना त्याचा एकेक थेंब द्यावा. दोन थेंब झाले तर दुसरा पुसून टाकावा. दंतचक्रांच्या दातांना मात्र तेल पुरत नाही, ते फेकले जाते. तेथे ग्रीसचा पातळ थर द्यावा, दात झाकतील एवढाच. पेटी भरून ग्रीस कोंबले, तर चक्रे चिखलात चालणाऱ्या बैलासारखी चालतात.

एका जागी तर ग्रीस मुळीच घालू नये. मूठ उलट फिरू नये म्हणून आत एक विशेष बेअरिंग असते. त्यातील बारीक रूळ एका दिशेने मोकळे सरकतात आणि दुसऱ्या दिशेने पाचरीसारखे अडकतात. त्यांना ग्रीस लागले की ते अडकत नाहीत, आणि मासा ओढू लागला असता मूठ गरकन उलटी फिरून बोटांवर बसते. ते पुसून स्वच्छ करावे, फार तर तेलाचे बोट लावावे. ताणाच्या चकत्यांनाही साधे तेल वर्ज्य. त्या नमद्याच्या असोत की कार्बनच्या, तेलाने त्यांची घसरण बिघडते. त्यासाठी वेगळे ग्रीस मिळते, ते नसेल तर कोरड्या फडक्याने पुसून जशा होत्या तशा बसवाव्यात. छर्‍यांची बेअरिंगे पेन्सिलीच्या टोकावर अडकवून बोटाने फिरवून पाहावीत. नाद न करता फिरली तर एक थेंब तेल. खरखरली तर पुन्हा धुऊन, वाळवून पाहावे. तरीही खरखरली तर बदलावीत.

येथे एका जुन्या रिळाची हकीकत सांगावीशी वाटते. एका पालकांनी आपल्या वडिलांचे पितळी रीळ आम्हांकडे आणले. वडील रेल्वेत नोकरीस होते, आणि सुटीच्या दिवशी वर्धेच्या काठी गळ टाकीत. हे चक्रीच्या जातीचे, चांगले जड रीळ कित्येक वर्षे पेटीत पडून होते, फिरत नव्हते. भंगारवाल्याने पितळाच्या वजनावर भाव सांगितला होता, आणि घरी मुलीची शाळेची फी द्यावयाची होती. पालक म्हणाले, "सर, हे जर फिरत नसेल तर ठेवून काय करावयाचे? पण एकदा बघा." मधला स्क्रू सोडण्यास आम्हांस दोन दिवस लागले. रोज त्यावर तेलाचा थेंब सोडून ठेवावा, संध्याकाळी हलकेच प्रयत्न करावा, न निघाला तर पुन्हा थेंब सोडावा. तिसऱ्या दिवशी तो सुटला. आत हिरवा पितळी गंज आणि हाडासारखे झालेले वंगण, एवढेच होते. आणि चक्री आपोआप फिरू नये म्हणून असलेल्या खटक्याची पोलादी स्प्रिंग तुटलेली होती. बंद पडलेल्या भिंतीवरील घड्याळाच्या स्प्रिंगेचा एक तुकडा कापून, घासून तेथे बसविला. चक्री फिरली तेव्हा खटक्याचा जो टकटक आवाज झाला, तो ऐकून ते पालक काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, की हाच आवाज रविवारी संध्याकाळी अंगणात येत असे. फीची व्यवस्था त्यांनी दुसरीकडून केली. रीळ घरी आहे, आणि त्यांची मुलगी, आमची विद्यार्थिनी, त्याला दर दोन महिन्यांनी एक थेंब तेल देते.

दोऱ्याकडे वळू. ज्यास सर्वत्र तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोरा फिरकीच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील एवढाच भरावा. काठोकाठ भरला तर फेकताना वेढे एकदम उसळून गुंता होतो. फार कमी भरला तर काठावर घासून फेक तोकडी पडते. गळाजवळचा दोन-तीन हात दोरा नेहमी बोटांत धरून तपासावा. खरबरीत लागला तर तेवढा कापून टाकावा. दोरा वारंवार एकाच ठिकाणी तुटत असेल, तर दोष दोऱ्याचा नसून बहुधा कडीवरच्या चाकीचा किंवा काठीवरील कड्यांचा असतो. त्यांस नखालाही न जाणवणारी खाच पडलेली असते. ती शोधण्याचे साधन आपल्या जिल्ह्यात प्रत्येक घरी आहे. सरकीविरहित कापसाचा लहान बोळा त्या कड्यांतून व चाकीवरून फिरवावा. खाच असेल तेथे कापसाचे तंतू अडकून राहतात. चाकी फिरते की नाही, हेही पाहावे. ती अडली असेल तर दोरा एकाच जागी घासून तिला करवतीसारखा कापतो.

कापलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नये. तो कुजत नाही, आणि बगळे, खंड्या, कासवे त्यात पाय गुंतवून मरतात. तुकडे करून घरी आणावा. पतंगास तर तो कदापि बांधू नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली आहे, आणि तशा दोऱ्याने रस्त्यावरील माणसांचे गळे कापले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. याच संबंधात पालकांनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. पुष्कळ जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो; ती मासळी त्या कुटुंबांची भाकर आहे. तेथे विचारल्याखेरीज गळ टाकू नये. बोरच्या अभयारण्यात, ज्यास २०१४ पासून व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा आहे, गळ घेऊन जाऊच नये.

रीळ जोडून झाल्यावर ताण किती ठेवावा, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. दोरा किती वजनाला तुटतो हे त्याच्या खोक्यावर छापलेले असते. ताण त्याच्या चतुर्थांश ते तृतीयांश असावा. समजा, दोरा चार किलोचा आहे. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो, हे आपण चौथीतच शिकलो. तेव्हा एक लीटरची भरलेली बाटली दोऱ्याच्या टोकास बांधावी, दोरा काठीच्या कड्यांतून घ्यावा, कडी मिटवावी, आणि गच्चीवरून किंवा ओट्यावरून काठी तिरपी धरून बाटली लोंबती सोडावी. खाली कोणी उभे नाही हे आधी पाहावे. ताणाचा खटका घट्ट असता बाटली जागच्या जागी राहील. मग तो एकेक टिचकी सैल करीत जावे. ज्या टिचकीस बाटली आपणहून, हिसका न देता, सावकाश खाली उतरू लागते, तेथे थांबावे. ती थबकत, झटके घेत उतरली, तर चकत्यांत अजून मळ किंवा तेल राहिले आहे. त्या पुन्हा काढून पुसाव्यात आणि बाटली पुन्हा टांगावी.